सायेबाची तब्येत

सासरे कोंबड्याच्या पायांना करंजेल चोळत होते आणि प्रियांकाचं डोकं तापत होतं.

"बाबा, ह्या मी केलला. सकाळीच."

"पायांका नाय केलंस," हरिश्चंद्र म्हणाले आणि दुसरा पाय हातात घेतला. कोंबडा डोळे मिटून पडला होता. लग्नाआधी नवरदेव पडतो तसा.

त्याचं नाव सायेब. रोज साडेनऊला आरवायचा, म्हणून. पिल्लू असताना तो घारीच्या पायांतून सुटून थेट प्रियांकाने वाळत घातलेल्या सुकटात पडला होता. तिने त्याला वाढवलं आणि पाळीव केलं. घरात बाकीच्या कोंबड्या होत्या, पण त्या नुसत्या कोंबड्या होत्या.

एक जानेवारीला तिने न्याहारीच्या वेळी संकल्प जाहीर केले होते. सायेबाला शिळा भात बंद. पाण्याचं भांडं रोज घासायचं. संध्याकाळी पुळणीवर, समुद्राकाठच्या वाळूत, एक फेरी. गुरांच्या डॉक्टरला एकदा दाखवायचा. आणि तो आनंदात राहावा म्हणून घरातल्या प्रत्येकाने त्याच्याशी दोन शब्द बोलायचे.

"माका कोणी कधी विचारूक नाय, मी खुशीत आसंय काय ता," सासूबाई, म्हणजे यमुनाबाई, म्हणाल्या आणि चहा ओतत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सासरे मात्र स्वतः सायेबाला घेऊन पुळणीवर गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला नाचणी भिजवून घातली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात स्वतःचा टॉवेल वाळत घातला नव्हता, तो आता कोंबड्याची पिसं उन्हात फुलवून बघत होता. वरून त्याच्याशी बोलतही होता. दोन शब्द ठरले होते, हे पंधरा मिनिटं बोलायचे.

प्रियांकाला आधी बरं वाटलं. मग तिला कळलं, की यंदा वाडीच्या राखणदार देवाला कोंबडा द्यायची पाळी ह्यांच्या घरची आहे. रविवारी.

"देवाक दुसरो कोंबो आणा," ती आता म्हणाली. "खुराड्यात चार आसत. होच कित्याक?"

"होच. कौल झालोहा."

"कसलो कौल?"

"कौल फोडूचो नसता, कोणाक सांगूचो नसता. तीन खेपा मागलंय, तेव्हा देवान उजवो दिल्यान."

म्हणजे देव बिचारा दोनदा नको म्हणाला, तरी ह्यांचा जीव राहीना. प्रियांकाने हातातला तांब्या असा आपटला, की सायेबाने एक डोळा उघडला.

"माझ्या हातचा खाऊन मोठो झालो तो."

"म्हणानच चांगलो झालो," सासरे शांतपणे म्हणाले.

तिने रविराजला फोन लावला. नवरा पर्यटकांना समुद्राच्या तळाशी नेऊन मासे दाखवायच्या धंद्यात होता. "बाबांका विचार," तो म्हणाला आणि पाण्यात गेला. घरात काही पेटलं की तो पाण्यातच असायचा.

शेवटी ती कुंपणापाशी गेली. पलीकडे काशीबाई विकून उरलेले बांगडे साफ करत होती. मासळीबाजार आणि देवस्थान, दोन्हीकडची खबर तिच्याकडे ताजी असायची.

"काकी, देवाक कोंबो कसलो व्हयो?"

"बिनखोडीचो. पिसा, नखा, तुरो, सगळा अख्खा व्हया. गुरव तपासून घेता. आमच्या सासऱ्यांचो परत धाडललो, एक नख मोडलला म्हणान. काय सांगू गो तुका, मगे..."

"बरां काकी, येतंय मी." प्रियांकाला हवं ते मिळालं होतं.

शनिवारी दुपारी घर झोपलं. तिने सायेबाला काखेत धरलं आणि माडाच्या सावलीत बसून त्याच्या डाव्या पायाच्या बोटाचं नख कात्रीने मुळापासून उडवलं. तो ओरडला. तिने दात आवळून हळद दाबली.

"गप रव सायबा. तुझ्या तब्येतीसाठीच ह्या."

डोळ्यात पाणी होतं, पण ते रागाचं. एका देवासाठी, एका म्हाताऱ्यासाठी आपल्याला हे करावं लागतंय, म्हणून.

रविवारी सकाळी गुरव सत्यवान आला. हरिश्चंद्र धुतलेलं धोतर नेसून तयार होते. सायेबाच्या गळ्यात अबोलीची वेणी होती, तीही त्यांनीच घातलेली. सत्यवानाने तुरा पाहिला, पंख पसरले, चोच उघडून आत डोकावला. मग एकेक पाय उचलला.

डाव्या पायाशी तो थांबला.

"हरीभाऊ. हयसर नख नाय."

हरिश्चंद्र वाकले. त्यांनी ते बोट चिमटीत धरून बघितलं. मग पायरीवर बसले, आणि त्यांचा चेहरा असा पडला, की क्षणभर प्रियांकाला त्यांची कीव आली. पण क्षणभरच. महिनाभराचा राग होता, तो असा सुटणार नव्हता.

"म्हणजे आता तो चलाचो नाय," ती दारातून म्हणाली. गोड आवाजात.

"देवळात जितो सोडूचो कौल होतो, पण आता सोडूक चलाचो नाय," सत्यवान म्हणाला. "सोडललो अख्खो व्हयो. मरासर तेका कोण हात लावणा नाय." त्याने पिशवीतून कोयता काढला आणि अंगठ्यावर धार बघितली. "कापूक काय, नखा कोण मोजता?"

हरिश्चंद्रांनी सायेबाच्या गळ्यातली वेणी काढून घेतली. सुनेकडे न बघता त्यांनी आत हाक मारली.

"अगो, खोबरा भाजूक घे."