झाडाखालची फळं

पाहणीवाल्याने लोखंडी चौकट झाडाखाली टाकली आणि आत बघितलं. नुसती माती. पुढच्या झाडाखाली टाकली. तिथंही माती.

"मावशी, गारा नक्की तुमच्याच बागेत पडल्या ना?"

ती हसली नाही. तिने सफरचंदाची एक फांदी ओढून त्याच्या डोळ्यांसमोर धरली. पानांची चाळणी झाली होती.

"हे काय मग? अर्ध्याहून जास्त फळं खाली आली होती. परवा उचलली. कुजली की झाडाला कीड लागते."

"नियम फळांचा आहे, पानांचा नाही. चौकटीत पडलेली फळं मोजायची. मोजायला फळ तर हवं!"

गळलेलं फळ झाडाखाली कुजू द्यायचं नाही, ही तिच्या नवऱ्याची शिस्त. तो गेल्यावरही तिने ती मोडली नव्हती. या वेळी मात्र ती थांबणार होती. पाहणी होईपर्यंत काही हलवू नये, एवढं तिलाही कळत होतं. सरकारी मदत मिळाली तर पुढच्या हंगामापर्यंत बाग तिच्या हातात राहणार होती. नाहीतर ती दिराला कसायला द्यायची आणि लेकीकडे जाऊन राहायचं, असं ठरलं होतं.

थांबू नका म्हणाला तो दीरच. "पाहणीला महिना लागेल, वहिनी. तोवर झाडंही हातची जातील. दादा असता तर थांबला असता का?"

त्याची बाग ओढ्यापलीकडे. "तिकडंही झोडपलंय," तो म्हणाला, "पण आधी तुमचं." ट्रॅक्टर घेऊन आला आणि दिवसभर तिच्या बरोबरीने वाकून फळं वेचत राहिला. ती पुरायला खड्डा खणू लागली तर त्याने कुदळ काढून घेतली. "माझ्याकडे खड्डा तयार आहे. तुम्ही कशाला कंबर मोडून घेताय?" शेवटची ट्रॉली भरताना थट्टाही केली, "बघा, माझ्या दाढीपेक्षा गुळगुळीत केली तुमची बाग!" तिने लेकीला फोन करून सांगितलं, सख्खा भाऊही इतकं करत नाही गं.

"माझ्या दिरांना विचारा," ती आता पाहणीवाल्याला म्हणाली. "त्यांनीच नेली फळं. ते सांगतील."

"चला मग. पुढची पाहणी त्यांचीच आहे."

दीर फाटकाशी उभा होता. धुतलेला सदरा, नुकतीच केलेली दाढी. तिला बघून तो क्षणभर थबकला.

"वहिनी, तुम्ही कशाला आलात उन्हातान्हाचं?"

पाहणीवाल्याने चौकट टाकली. ती फळांनी भरली. पुढच्या झाडाखाली टाकली, तिथंही भरली. फुटलेली, एका अंगाने काळी पडलेली सफरचंदं सगळ्या बागेत पसरली होती.

"अरेरे," पाहणीवाला दिराला म्हणाला. "परवा सकाळी आजची पाहणी कळवायला मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात तसंच आहे हो. बरं झालं, यातलं काही हलवलं नाहीत."

परवा सकाळी. ट्रॅक्टर तिच्या दारात आला, त्याच्या आधी.

"भाऊजी," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "साहेबांना सांगा ना. माझी फळं तुम्ही..."

"कसली फळं, वहिनी?"

तो तिच्याकडे बघत नव्हता. पाहणीवाला मान खाली घालून मोजत होता. तिने मान वर केली.

झाडावरच्या एकाही पानाला भोक नव्हतं.