एकच प्रवासी
अवनीला मोठ्या विमान कंपनीचं बोलावणं आलं, तेव्हा बाबांनी जयपूरच्या जगतपुऱ्यातल्या सगळ्या शेजाऱ्यांना पेढे वाटले. ती सध्या अत्यवस्थ रुग्णांना नेणारं छोटंसं विमान उडवत होती. होकार कळवायच्या दिवशी मात्र तिने फोनवर चक्क नकार दिला. “मतलब, वेड लागलं तुला?” बाबा ताडकन उठले. “दोनशे प्रवाशांचं विमान सोडलंस?” “बाबा, माझ्या विमानात एकच प्रवासी असतो. पण तो दवाखान्यात जिवंत पोचला की मला जो आनंद होतो, तो सोडवत नाही.” तेवढ्यात तिच्या कॅप्टनचा फोन आला. बिकानेरहून एका बाळाला तातडीने जयपूरला आणायचं होतं. अवनी बूट घालेपर्यंत बाबांनी खाली स्कूटर सुरूही केली. एरवी सायकलवाल्यालाही वाट देणारे बाबा विमानतळाच्या रस्त्यावर सुसाट निघाले. “हटो भैया!” ते रिक्षावाल्याला ओरडले. “पीछे पायलट मॅडम बैठी हैं!”