सूर्याच्या आधीचं

“चुलीतल्या लाकडातली ऊर्जा कुठून आली?”

“सूर्याकडून, सर. झाडानं साठवलेलं ऊन.”

“पवनचक्कीची?”

“सूर्याचीच. ऊन हवा तापवतं, म्हणून वारा वाहतो.”

“धरणातली वीज?”

“पाण्याची वाफ करून डोंगरावर नेणारा सूर्यच.”

वयोमर्यादेमुळे अणुवीज केंद्राच्या नोकरीसाठी कोमलची ही शेवटची मुलाखत होती आणि उत्तरं भराभर येत होती. सरांनी काचेची डबी पुढे सरकवली. आत बोटाच्या पेराएवढी काळी गोळी होती. “आणि या युरेनियमची?”

“सूर्य!”

“हिच्या गाडीला ब्रेकच नाही,” सरांच्या शेजारी बसलेल्या परीक्षक बाई हसल्या. सरांनी पेनाला टोपण लावलं.

कोमलचे कान तापले. “चुकलं, सर.” तिनं डबी उचलली. एवढीशी गोळी, पण केवढी जड! “हे सूर्याच्याही आधीचं आहे. सूर्य नव्हता तेव्हा मेलेल्या ताऱ्यांच्या स्फोटांत हे घडलं...”

पुस्तकात शंभरदा वाचलेला तारा आज तिच्या तळहातावर होता. तिनं डबी दोन्ही हातांत धरून ठेवली.

सरांनी टोपण काढून कागदावर काहीतरी लिहिलं.

“ठेवा आता ती डबी खाली,” ते हळूच म्हणाले. “मला इथे तीस वर्षं झाली, पण हातात घेतली की मलाही अजून खाली ठेववत नाही.”