गवतातलं घर

प्रेक्षकांच्या सगळ्यात वरच्या पायरीवरून साहेब ओरडले, तशा मैदानात तण वेचणाऱ्या बायका उभ्या राहिल्या.

खालून गवत नुसतं सुकल्यासारखं दिसत होतं. वरून मात्र हिरव्यागार मैदानात पिवळी जळकी रेघ दिसत होती. सरळ जाणारी, काटकोनात वळणारी, एका जागी तुटलेली. दोन खोल्या आणि पुढे ओटा. उद्घाटनाचा सामना संध्याकाळी होता.

"खत कुणी टाकलं इथे?" साहेब धापा टाकत खाली आले. मैदानाचा आराखडा त्यांचाच. इथली गल्ली त्यांनीच उठवली होती आणि उठवलेल्या बायकांना गवत राखायला ठेवून पेपरात फोटोही छापून आणला होता.

त्या बायकांतच उभी असलेली, याच गल्लीतल्या एका घरातली सून नखातली माती काढत राहिली. युरिया टाकला की लगेच पाणी द्यायचं, नाहीतर गवत जळतं, हे तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तिनं तेवढ्या पट्ट्याला पाणी दिलं नाही. माप पावलांनी घेतलं, पाण्याच्या जुन्या टाकीपासून. साहेबांनी पाडली नव्हती ती तेवढीच. तिचं घर पाडायला पंचवीस मिनिटं लागली होती. गवत जळायला चार दिवस लागले. तिला घाई नव्हती.

"कीड असेल, साहेब," ती म्हणाली.

"कीड काटकोनात वळते?"

"शिकलेली असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"हिरवा रंग आणा! मारा त्याच्यावर!"

"सकाळीच भरपूर पाणी दिलंय, साहेब. ओल्यावर रंग धरायचा नाही."

"नाव कळू दे. तिची नोकरी तर जाईलच, पण घराच्या बदल्यात मिळालेली खोलीही काढून घेईन!"

बायका पुन्हा तण वेचायला वाकल्या. चार तास तोंड मिटून काढायचे, पुढचं सामन्याचे कॅमेरे बघून घेतील.

तेवढ्यात तिच्या सासूबाई आल्या. चार दिवस तापानं पडून होत्या, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्या रेघेच्या कडेनं सावकाश फिरल्या. एका कोपऱ्यावर थांबल्या. आणि आयुष्यभर जे केलं तेच त्यांनी आत्ताही केलं. सुनेच्या कामात खोट काढली.

"अगं, न्हाणीघर कुठाय? इतकी वर्षं राहिलीस आणि साधं न्हाणीघर विसरलीस?"

सुनेनं डोळे मिटले.

"तू!" साहेब तिच्या अंगावर धावून आले. "तू केलंस हे?"

"तिला काय विचारता? घर माझं आहे."

सासूबाईंनी चपला काढल्या. रेघ तुटली होती तिथून आत गेल्या, कमरेवर हात ठेवून साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"आधी बूट काढा. मग काय ओरडायचंय ते ओरडा."

साहेबांनी खाली पाहिलं आणि चटकन पाय रेघेबाहेर घेतला.