कडक स्प्रिंगा

"आजच्या आज बदलायचं," वेन्निला म्हणाली. "काय लागेल ते घाला, पण ते दगड माझ्या गाडीतून काढा."

ती गाडीतून उतरली होती, पण दार सोडलं नव्हतं. डावा पाय बधिर झाला होता. तो ताळ्यावर येईपर्यंत ती दाराला धरून उभी राहिली, आणि जितका वेळ उभी राहिली तितका तिचा राग वाढत गेला.

पळनिअप्पन हातातला पाना पुसत राहिला. कोइम्बतूरमध्ये रोजची गाडी रविवारी ट्रॅकवर नेऊन पळवणारी जेवढी माणसं होती, त्यांतल्या निम्म्यांच्या गाड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या. वेन्निलाचा नवरा नल्लसिवम त्यांतलाच.

"बसा अक्का. कॉफी सांगतो."

"बसा म्हणू नका. कारखान्यातून इथवर बसूनच आलेय. अर्ध्या दिवसाची रजा टाकून."

घरात गाडी एकच. सोमवार ते शनिवार वेन्निला ती घेऊन पंपांच्या कारखान्यात जायची, बावीस किलोमीटर जाऊन बावीस किलोमीटर यायची. महिन्यातून एक रविवार नल्लसिवमचा. गेल्या वर्षी नव्या स्प्रिंगा आणि शॉकअप निवडायला दोघं इथेच आले होते. पळनिअप्पननं तीन प्रकार समोर मांडले होते. वेन्निलानं मधल्यावर बोट ठेवलं होतं. नल्लसिवमनं सगळ्यांत कडक उचलला. वळणावर गाडी तसूभरही झुकता कामा नये म्हणाला.

ट्रॅकच्या फेरीत त्याचे चार सेकंद कमी झाले. त्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटले. वेन्निलाच्या वाट्याला रस्त्यावरचे स्पीडब्रेकर आले. सुरुवातीला काही वाटलं नाही. मग कंबर धरली. मग कळ खाली उतरून पायात गेली.

"अण्णा, तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी मी रडकुंडीला येऊन घरी पोचते. स्प्रिंगा बदल म्हटलं की तो काय म्हणतो? डॉक्टरकडे चल. म्हणजे गाडी चांगली, बायको बिघडलेली!"

"मग जाऊन यायचं ना अक्का एकदा."

"तुम्ही त्याच्याच पंगतीतले. दोनदा डॉक्टरची वेळ घेऊन आला. दोन्ही चिठ्ठ्या त्याच्यासमोर फाडल्या मी. लोखंड वाचवायला माझ्या हाडांवर आळ घेतो!"

पळनिअप्पननं मान खाली घातली. ते बघून तिला आणखीच चेव आला.

"पूर्वी निदान भांडायचा तरी. आता तेही नाही. मध्ये मी चार दिवस करूरला लग्नाला गेले होते. परत येऊन कामावर गेले, संध्याकाळी घरी आले तर हा फाटकात उभा. विचारतो, आज गाडी कशी वाटली? म्हटलं, कशी वाटणार? आधीपेक्षा वाईट. तर पायरीवरच बसला. इडल्या वाढून ठेवल्या होत्या, शिवला नाही. तेव्हापासून नजरेला नजर देत नाही. ट्रॅकवर जाणंही बंद. टायर संपलेत म्हणे. मनातून खातंय त्याला, दुसरं काय!"

"सरांना एक फोन लावू का?"

"कशाला? गाडी माझ्या नावावर आहे. हप्ते माझ्या पगारातून जातात." तिनं बोनेटवर थाप मारली. "ते मधलं बसवा. वरचं बटण फिरवलं की रविवारी कडक, सोमवारी मऊ होतं ते. बघा, मी तरीही त्याच्या रविवारचा विचार करतेय. आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. चांगलं आहे ते. पण..."

"पण काय?"

"अगदी मऊ केलं तरी कंपनीच्यापेक्षा जरा कडकच लागतं, अक्का. तुम्हाला उपयोग होणार नाही."

"मग कंपनीचं घाला! जसं शोरूममधून आलं होतं तसं. खड्ड्यात गेले त्याचे सेकंद!"

पळनिअप्पन जागचा हलला नाही. पाना त्यानं बाकावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"ऐकू येत नाही का? का नवऱ्याची परवानगी लागते तुम्हाला? मी दुसरीकडे जाते. या शहरात गॅरेजांना तोटा नाही!"

ती तरातरा दाराकडे वळली. दुसऱ्या पावलालाच डावा पाय मुरगळल्यासारखा झाला आणि तिनं गाडीच्या टपाचा आधार घेतला. पळनिअप्पन पुढे धावला, पण तिनं त्याचा हात झिडकारला.

"बघा! बघा काय केलंय तुमच्या त्या सामानानं!"

"अक्का," तो म्हणाला, "सरांनी मला शपथ घातलीय."

"कसली शपथ? बायकोला मरू दे म्हणून?"

त्यानं किल्ली घेतली. गाडी लिफ्टवर घेतली आणि बटण दाबलं. चाकं हळूहळू तिच्या डोळ्यांसमोर आली. त्यानं बॅटरी घेऊन मागच्या चाकाच्या आत उजेड टाकला. वेन्निला वाकून बघू लागली. काळी धूळ बसलेली एक साधी स्प्रिंग होती. तिला त्यातलं काही कळेना.

"हेच ना ते?" तिनं चिडून विचारलं. "काढा मग. वाट कसली बघताय?"

पळनिअप्पननं बॅटरी विझवली.

"हे कंपनीचंच आहे अक्का. कडक सामान सरांनी दोन महिन्यांपूर्वीच, तुम्ही लग्नाला गेला होता तेव्हा, काढून टाकलं. याहून मऊ आता काही नाही."