समितीची शाल

बारा वर्षं अर्ज करकरून वैजयंती ढोबळेंनी तंत्रनिकेतनात संशोधनाचं अतिवेगवान नेटवर्क आणलं होतं. आज तपासणी समिती येणार म्हणून प्राचार्यांनी त्यांचं भूकंपाच्या नोंदींचं काम बंद पाडलं आणि त्याच नेटवर्कवरून दुसऱ्या विद्यापीठातली यंत्रं न् प्राध्यापक रिकाम्या प्रयोगशाळेत प्रकाशाच्या हुबेहूब त्रिमितीय प्रतिमा करून उभे केले.

"मॅडम, जरा हसा की!" प्राचार्य कुजबुजले.

वैजयंतीबाईंना शिसारी आली. समितीने तासभर माना डोलावून 'उत्कृष्ट' शेरा दिला. चहाला मात्र कुणी हात लावला नाही. कपांवर साय धरली होती.

सत्काराची शाल वैजयंतीबाईंनीच समितीच्या अध्यक्षांच्या खांद्यावर घातली. ती त्यांच्या खांद्यातून आरपार जाऊन फरशीवर पडली.

प्राचार्यांनी ती उचलून झटकली आणि नीट घडी घातली.

"बरंच झालं. पुढच्या तपासणीलाही हीच चालेल."