किती वाजले?

गाडी शिकवणारे मास्तर दिवसभर शिकणाऱ्यांना दटावायचे, “घाबरायचं काय त्यात?” पण हृदयाचे ठोके चुकायला लागल्यापासून त्यांचीच पाचावर धारण बसली होती. सारखी नाडी चाचपायचे, आणि कुणी पाहिलं की घड्याळ बघतोय असं दाखवायचे. बायकोला वाटायचं, आपल्याजवळ बसायचा यांना कंटाळा येतो. मास्तरांनी तसंच वाटू दिलं. भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा ते परवडलं. डॉक्टरांनी अखेर दोघांनाही समुपदेशक बाईंकडे धाडलं. तिथेही मास्तरांची बोटं मनगटाकडे गेली. “किती वाजले?” बाईंनी सहज विचारलं. आत्ताच घड्याळ पाहिलेल्या मास्तरांना वेळ सांगता येईना. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय जमिनीवर ब्रेक शोधू लागला. “म्हणजे माझा कंटाळा नव्हता?” बायको म्हणाली. तिने त्यांची बोटं बाजूला केली आणि नाडीवर स्वतःची ठेवली. “मोजायचं मी बघते. तुम्ही नुसते माझ्याजवळ बसा.”